आधी तुमी चाला

उभ्या वऱ्हाडात माणसाचं तोंड न पाहता माणूस ओळखणारा एकच इसम होऊन गेला, आणि तो आमचा मावसभाऊ होता, हे मी छातीठोकपणे सांगते. बाकीचे लोक नाकडोळे पाहून ओळखतात, आवाजावरून ओळखतात, फार तर टोपीवरून. दादा पायांवरून ओळखायचा. पायांवरूनसुद्धा नव्हे, पाय कसा उचलला आणि कसा टेकला यावरून. माणूस चालत असला की दादाला त्याचं नाव, गाव, गुडघ्याचं दुखणं आणि स्वभाव सगळं ठाऊक. तोच माणूस खुर्चीत बसला की दादासाठी परका. एकदा त्याचे सख्खे काका वरूडहून आमच्याकडे अमरावतीला आले. बैठकीत चांगले ऐसपैस बसले, संत्र्याच्या बहाराबद्दल बोलले, मृग बहार धरावा की आंबिया यावर दादाचं मत विचारलं, आणि दादाही अगत्यानं "हो ना, बरोबर आहे तुमचं" म्हणत राहिला. मग काका तंबाखू थुंकायला उठून अंगणात गेले, तेव्हा दादा आतून ओरडला, "अरे काका! तुमी कवा आले?" काका त्या दिवशी आमच्याकडे जेवले नाहीत, उपास आहे म्हणाले.

दादा म्हणजे माझ्या मावशीचा थोरला. वरूडला त्यांच्या संत्र्याच्या बागा होत्या, आणि हा पोरगा बाग सांभाळेल एवढीच त्याच्या वडिलांची माफक अपेक्षा होती. पण पोराला मल्लखांबाचा नाद. त्या नादापायी तो अमरावतीला व्यायामाच्या कॉलेजात आला, शिकला, तिथंच शिकवायला लागला आणि आमच्या घरी राहायला आला. इथपर्यंत सगळं सरळ होतं. पण एक दिवस मल्लखांबावरून एक विद्यार्थी उलटा लटकलेला असताना दादाच्या मनात आलं, की हा पाय नेमका उचलतो कोण? त्यानं त्या लटकलेल्या विद्यार्थ्यालाच विचारलं. तो म्हणाला, "मी उचलतो सर." दादा म्हणाला, "तू म्हणजे कोण? नीट विचार करून सांग." विद्यार्थ्यानं नीट विचार केला आणि तो खाली पडला. त्या पडण्यातून दादाच्या संशोधनाचा जन्म झाला. मेंदू हुकूम देतो, मज्जातंतू तो वाहून नेतात, स्नायू तो पाळतात, आणि या सगळ्या कारभारातून माणूस चालतो, तर हा कारभार चालतो कसा, एवढा एक प्रश्न घेऊन त्यानं नागपूरच्या विद्यापीठात डॉक्टरेटसाठी नाव नोंदवलं. ही बातमी वरूडला पोचल्यावर त्याचे वडील आठवडाभर बागेतच झोपायला गेले. आमच्या आईचं म्हणणं थोडक्यात होतं. "आमची सारी पोरं वर्षाच्या आत चालाले लागली. हा तिशीत आला तरी शिकूनच राहिला."

संशोधनाला साहित्य लागतं आणि साहित्य परदेशात मिळतं, म्हणून दादा ते आमच्या स्वयंपाकघरात बनवायचा. वनस्पती तुपाचा रिकामा डबा, बैठकीतल्या बंद पडलेल्या घड्याळाचं यंत्र आणि एक सायकलची तार एवढ्यावर त्यानं फिरता ड्रम उभा केला. डब्याला गुळगुळीत कागद गुंडाळायचा, तो घासलेटच्या चिमणीवर धरून काजळीनं काळाकुट्ट करायचा, आणि मग कोणाच्या तरी पोटरीला पट्टा बांधून पट्ट्याची तार त्या काजळीवर टेकवायची. पोटरी हलली की काजळीवर पांढरी रेघ उमटे. ती रेघ पाहून दादाला जो आनंद होई तो इतरांना पोराच्या बारशाला होत नाही. आईला मात्र पांढरी रेघ दिसत नव्हती, तिला काजळी दिसायची. ती डाळीवर बसे, पापडांवर बसे, दांडीवर वाळत घातलेल्या लुगड्यावर बसे. "हे काय करून राहिला तू माह्या घरात?" तिनं एकदा कमरेवर हात ठेवून विचारलं. "मावशी, हा मेंदूचा हुकूम आहे. मेंदूनं पायाला सांगितलं आणि पायानं इथं लिहून दिलं." "असं का? मंग तुह्या मेंदूले म्हना, माहं लुगडंबी धुऊन दे." दादानं लुगडं धुतलं. धुताना मनगट कसं वळतं याकडे त्याचं लक्ष गेलं आणि संध्याकाळपर्यंत तो तेच लुगडं पिळत बसला.

पाहुण्यांना आमच्या घरी चहाआधी हातोडी मिळायची. छोटी रबराची हातोडी होती ती, आणि कोणी पायावर पाय टाकून बसला की दादाला राहवत नसे. बाबा जिल्हा कचेरीत होते. त्यांचे वरिष्ठ साहेब एकदा घरी आले, सोफ्यावर पायावर पाय टाकून बसले, आणि दादानं नमस्कार करायला वाकल्यासारखं करून गुडघ्याखाली टक्कन हातोडी मारली. साहेबांचा पाय उडाला, पायाबरोबर तिपाई उडाली, आणि कपबशी बाबांच्या मांडीवर आली. दादा प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाला, "अभिनंदन साहेब! तुमचा मणका एकदम शाबूत आहे." पुढं बाबांची बढती लांबली ती या शाबूत मणक्यापायीच, असं बाबा निवृत्त होईपर्यंत म्हणत होते.

पण दादाचा खरा शोध याहून साधा होता, आणि तो मी त्याच्याकडून घरीच शिकले. त्यानं मला काठोकाठ भरलेला तांब्या दिला आणि अंगण ओलांडायला सांगितलं. एकदा तांब्याकडे बघत, एकदा समोरच्या लिंबाकडे बघत. तांब्याकडे बघितलं तेव्हा पाणी सांडलं, लिंबाकडे बघितलं तेव्हा थेंबही सांडला नाही. "बघ," तो म्हणाला, "चालण्याचं काम मेंदूनं मागच्या खोलीतल्या कारकुनाकडे देऊन टाकलेलं असतं. कारकून बरा माणूस आहे, गुपचूप काम करतो. पण साहेब स्वतः डोकावले की त्याची फाईल अडकते." आपलंच लक्ष गेलं तरी चाल बिघडते आणि दुसऱ्याचं लक्ष गेलं तर जास्तच बिघडते, हा त्याचा सिद्धांत. त्याचा पहिला बळी तो स्वतःच होता. माडीवरून उतरताना पायरीवर पाय कसा पडतो याचा विचार करायचा आणि मग पायरीऐवजी सरळ खाली पडायचा. कोपरं नेहमी टिंक्चर आयोडीननं रंगलेली. आई म्हणे, हा पोरगा विचार करायचं सोडील तर बम दिवस जगेल.

चालींची नोंद करायची त्याची एक पद्धत होती. बाबांचं जुनं धोतर अंगणात लांबवर अंथरायचं, परातीत गेरूचं पाणी कालवायचं, पाय बुडवून धोतरावरून चालायचं. धोतरावर तांबडी पावलं उमटत. घरात असा एकही जीव उरला नाही ज्याचं धोतर झालं नाही. बाबांचं झालं, आईचं, पाप लागेल म्हणत म्हणत, झालं, माझं झालं, दूधवाल्याचं झालं, दूधवाल्याच्या म्हशीचंसुद्धा झालं. फक्त ताईचं झालं नाही.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. लहानपणी तिला मोठा ताप आला होता, आणि ताप गेला तरी डाव्या पायात काहीतरी कायमचं ठेवून गेला. पाय किंचित ओढला जायचा. घरात आम्हाला ते जाणवतच नसे. ती विहिरीचं पाणी काढायची, शिडीवर चढून माळ्यावरचे डबे काढायची, माझ्यामागं लाटणं घेऊन धावायची आणि मला गाठायचीही. पण बैठकीत पाहुणे बसले आणि त्यांच्यातलं कोणी वडीलधारं म्हणालं, "पोरीले जरा चालून दाखवा म्हना," की पाय जास्तच ओढला जायचा. मुलगी पसंत पडायची, तिचं बोलणं पसंत पडायचं, तिचं विणकाम हातोहात फिरायचं, आणि मग हे वाक्य यायचं. इथून भिंतीपर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढीच वाट. त्या वाटेवर सगळ्या सोयरिकी संपायच्या. मग आईनं युक्ती काढली. पाहुणे यायच्या आधीच ताईला सतरंजीवर बसवून ठेवायचं, आणि पोह्यांचं ताट माझ्या हाती द्यायचं. परिणाम असा झाला की दोन ठिकाणांहून निरोप आला, मुलगी पसंत आहे, पण ती पोहेवाली. त्या रात्री ताई माझ्याशी हसून बोलली. मला ते हसणं अजून सोसत नाही.

आणि दादानं तिची चाल एकदाही घेतली नाही. एक दिवस ती मला म्हणाली, "म्हशीची घेतली. मी मोजण्यासारखीबी नाई का?" त्याचं उत्तर मला पुढं अकोल्याला मिळालं. दादाचे मार्गदर्शक अकोल्याला होते; नागपूरहून निवृत्त झालेले म्हातारे प्राध्यापक, सगळे त्यांना डॉक्टर म्हणत. अकोल्याच्या उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांमागं बसून ते दादाच्या प्रबंधावर तांबडी पेन्सिल चालवत. दादा महिन्याकाठी त्यांच्याकडे जाई, म्हणजे जायला निघे. बदनेऱ्याला गाडी बदलावी लागायची, आणि तिथल्या पुलावरून एवढे लोक चढत-उतरत असायचे की ते पाय पाहताना त्याची अकोल्याची गाडी हमखास सुटायची. एकदा आईनं मला मुद्दाम बरोबर पाठवलं, त्याला गाडीत ढकलायला. मी तिथंच बसले होते तेव्हा डॉक्टर म्हणाले, "धडधाकट माणसं पुष्कळ झाली. बिघडलेला पाय घेऊन माणूस कसा सावरतो हे यात नाही, आणि त्यावाचून हा प्रबंध अर्धा आहे. तुझ्या घरातच एक मुलगी आहे ना? तिची नोंद घे, पुढच्या वर्षी डॉक्टर होशील." दादानं प्रबंधाची पानं गोळा केली. मग म्हणाला, "तिला आजवर ज्यांनी ज्यांनी चालायला सांगितलं, ते सगळे लोक मला माहीत आहेत सर. मी त्यांच्यातला नाही होणार." "मग प्रबंध अर्धा राहील." "राहू द्या." घरी आल्यावर मी हे ताईला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दादाच्या भाकरीवर लोण्याचा गोळा आला, तो बाबांच्या गोळ्याहून मोठा होता.

यानंतरच अकोल्याचं ते स्थळ आलं. मुलगा शाळेत गणित शिकवायचा. वडील नव्हते, मामाच सर्वेसर्वा. आईला दोनच गोष्टींची धास्ती होती, एक त्या वाक्याची आणि दुसरी दादाची, कारण खरं बोलण्याच्या बाबतीत त्याचा भरवसा नव्हता. म्हणून पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच तिनं दादाला दशम्या बांधून दिल्या आणि डॉक्टरांकडे रवाना केलं. ताईला जांभळं पातळ नेसवून सतरंजीवर बसवलं. पाहुणे आले. पुढं नवरदेवाचे मामा. भारी देह, रेशमी कोट, आणि पाय असा टाकायचे की दर पावलाला जमीन आपल्या नावावर करून घेत आहेत. त्यांच्यामागं नवरदेव, त्याच्यामागं त्याची आई, आणि सगळ्यांच्या मागं, मान खाली, डोळे मामांच्या टाचांवर, दशम्यांचं फडकं काखेत, आमचा दादा.

घडलं होतं ते असं. बदनेऱ्याला दादा अकोल्याच्या गाडीची वाट बघत उभा होता, तेवढ्यात अकोल्याकडून आलेल्या गाडीतून मामा उतरले. दादानं ती चाल पाहिली आणि त्याचं भान गेलं. तो त्या टाचांमागं पूल चढला, त्या टाचांमागं अमरावतीच्या गाडीत बसला, स्टेशनवरून त्यांच्याच मागं चालत निघाला आणि शेवटी एका घरात शिरला. ते घर कोणाचं, हे त्याला आई समोरून चालत आली तेव्हा कळलं. "अगं मावशी," तो आश्चर्यानं म्हणाला, "तू इथं कशी?"

आईनं डोळ्यांनीच त्याला आत हाकललं. तो दाराआड उभा राहिला. पोहे झाले, चहा झाला, नवरदेव ताईशी वाचनाबद्दल दोन शब्द बोलला, ताईनंही उत्तर दिलं. सगळं इतकं नीट चाललं होतं की आईच्या चेहऱ्यावर रंग यायला लागला. मग मामांनी बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "पोरगी चांगली आहे. आता जरा चालून दाखवा म्हना."

ताईनं पदर आवरला आणि उठायला हात जमिनीला टेकला. तेवढ्यात दाराआडून आवाज आला, "थांब. आधी तुमी चाला, मामासाहेब."

"मी? मी कायले चालू? लगन माहं आहे का?"

"लगनाचा सवालच नाई." दादा पुढं आला. त्याच्या डोळ्यांत ते काजळीवरची पांढरी रेघ पाहतानाचं तेज होतं. "मी सकाळपासून तुमच्या मागं मागं आहे. बदनेऱ्यापासून. इतकी वर्षं मी वऱ्हाडातली माणसं पाहून राहिलो, पन अशी चाल मले कोठी दिसली नाई. एकदा धोतरावर उमटवून द्या, उपकार होतील."

मामा रागवायच्या तयारीत होते, पण स्तुती अशी अनपेक्षित दिशेनं आली की त्यांची मिशी आपोआप वर गेली. "अशी काय आहे माही चाल?" "राजावानी." झालं. अंगणात धोतर अंथरलं गेलं, परात आली, आणि नवरदेवाच्या मामांनी नव्या नवरीसारखे दोन्ही पाय गेरूत बुडवले. सगळे ओसरीवर येऊन बघायला लागले. मामांनी पहिलं पाऊल टाकलं आणि थांबले. दुसरं टाकलं तर ते पहिल्याला आडवं आलं. तिसऱ्याला त्यांनी खाली पाहिलं, कोट सावरला, पोट आत घेतलं, आणि धोतराच्या मध्यावर त्यांचे पाय एकमेकांत असे गुंतले की नवरदेवानं धावून त्यांना धरलं. "असं नाई हो," दादा कळवळून म्हणाला, "बदनेऱ्यावर चालत होते तसं चाला!" "तसं म्हंजे कसं चालत होतो मी?" मामा घामाघूम झाले होते. "मलेच आठवून नाई राहिलं बाप्पा!" "आता नाई आठवणार," दादा हळहळला, "इतके जन पाहून राहिले म्हनल्यावर गेलं ते."

"मी पाहतो," म्हणत नवरदेवानं चपला काढल्या. चांगला सडसडीत तरुण, रोज शाळेत पायी जाणारा. आमच्या सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर, त्यातली एक ताईची. त्यानं उजवा पाय टाकला तर उजवाच हात पुढं गेला, डावा टाकला तर डावाच हात, आणि कवायतीच्या पहिल्या दिवशी पोरं चालतात तसा तो टोकापर्यंत गेला. टोकाला पोचल्यावर त्याला स्वतःचाच अवतार कळला आणि तो पोट धरून हसत मटकन खाली बसला. आणि मग ताई हसली. बैठकीत दाखवायला बसवलेली ताई हसलेली मी तोवर कधी पाहिली नव्हती. हसत हसतच ती उठून ओसरीच्या कडेला आली आणि म्हणाली, "मी नाई चालणार. माहा डावा पाय ओढतो. लहानपणी ताप आला होता. लपवायचं काई नाई त्यात, पन दाखवायचंबी काई नाई." आईनं कपाळावर हात मारून घेतला.

नवरदेवानं गेरूचे पाय धोतराला पुसले. "तुमी माह्याइतकं वाईट तर नक्कीच चालत नसाल," तो म्हणाला, आणि आईकडे वळून नमस्कार केला. "आमच्याकडून हो आहे." मामांनी काही म्हणायला हवं होतं. पण ते अंगणाच्या कोपऱ्यात आपली हरवलेली चाल शोधत इकडून तिकडे फेऱ्या घालत होते, त्यांना कशाचीच शुद्ध नव्हती. पुढं लग्नातही त्यांनी दादाला गाठून तेच सांगितलं, "पोट्ट्या, माही चाल वापस दे."

लग्नाच्या आधीची एक सकाळ मात्र माझ्या मनात वेगळी राहिली आहे. ताई परात घेऊन अंगणात आली आणि दादाला म्हणाली, "मांड तुझं धोतर." दादा गडबडला. "नको." "कावून नको?" "तुला लोकांनी चालवून चालवून..." "त्याइनं चालवलं. आज मीच चालून राहिली." दादानं धोतर अंथरलं. गेरू कालवताना तो दोनदा सांडला. मग तो सरळ फाटकाकडे गेला आणि रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. "तूही इकडं तोंड कर," तो मला म्हणाला. "धोतर बघतंय तेवढं पुरे." आम्ही दोघं रस्त्यावरची बकरी बघत उभे राहिलो, आणि मागं ओल्या पावलांचा आवाज येत राहिला. तिनं "झालं" म्हटल्यावर आम्ही वळलो. डाव्या पावलाचा ठसा फिका होता, पण पावलं इतकी सारख्या अंतरानं पडली होती की मला तरी फरक कळला नाही. दादा धोतराशेजारी उकिडवा बसून ते बघत राहिला. "डाव्याला काय जमणार नाही हे उजवा आधीच ओळखतो," तो म्हणाला, "आणि तेवढं करून मोकळा होतो. वर्षानुवर्षं. हिला पत्तासुद्धा नाही." त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ताईनं त्याला पदरानं नाक पुसून दिलं, कारण त्याचे हात गेरूनं माखले होते.

डॉक्टरांनी ते धोतर वाळ्याच्या ताटीवर लटकवून पाहिलं आणि विचारलं, "ही चालत होती तेव्हा कोण बघत होतं?" दादा म्हणाला, "कोणीच नाही." डॉक्टरांनी तांबडी पेन्सिल खाली ठेवली. दादा डॉक्टर झाला. वरूडला त्याच्या वडिलांनी गाडीभर संत्री वाटली, आणि वाटताना प्रत्येकाला सांगितलं की पोराला आता सरकारमान्य चालता येतं.

इथंच ही गोष्ट संपायला हवी होती. पण साठच्या दशकाच्या उतरतीला बदनेरा स्टेशनाबाहेर एका टांग्याच्या घोड्याची चाल दादाच्या मनात भरली. चार पायांचा कारभार एक मेंदू कसा बघतो, हा नवा प्रश्न. तो बघत बघत पुढं गेला. टांगेवाले चाचा इस्पितळात डोळे पुसत आम्हाला सांगत होते, "बेटी, मैं चिल्लाता रहा हटो हटो, साहब तो घोड़े के पैरों में घुस गए. मैं क्या करता?" दादा शुद्धीवर आल्यावर त्यानं आधी घोड्याला लागलं का ते विचारलं. घोडा बरा होता. दादाची मांडी मोडली होती. हाड जुळलं, पण पाय आखूड झाला.

ताई आणि तिचे यजमान त्याला अकोल्याला आपल्या घरी घेऊन गेले. तो दिवसभर खुर्चीत बसून राही. घोड्यावर विनोद करी, आल्यागेल्याच्या गुडघ्यावर हातोडी मारी, पण कोणी असलं की उठत नसे. सिद्धांत त्याचाच होता, आणि तोच आता त्याला उभं राहू देत नव्हता. भेटायला येणारे प्रेमानं यायचे, आणि निघताना हटकून म्हणायचे, "बरं, आता चालून दाखवा जरा." दादा हसायचा आणि खुर्चीचे हात घट्ट धरायचा. इस्पितळातले डॉक्टर म्हणत होते, आता पाय टाकला नाही तर पुढं टाकताच येणार नाही.

एका संध्याकाळी अंगणात आम्ही बरेच जण होतो. मी गेले होते, मामाही आले होते. मामांनी बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या आणि तोंड उघडलं. ताईनं त्यांना बोलू दिलं नाही. ती उठली आणि म्हणाली, "साऱ्याइनं भिंतीकडं तोंड करा. मामा, तुमीबी." आम्ही सगळे वळलो. मामा, ताईचे यजमान, शेजारच्या काकू, मी. पोपडे उडालेल्या त्या भिंतीकडे बघत आम्ही ओळीनं बसलो. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग खुर्ची करकरली. मग एक पाऊल पूर्ण वाजलं, आणि एक अर्धं. एक पूर्ण, एक अर्धं. फाटकापर्यंत गेलं, थांबलं, परत यायला लागलं. शेजारी मामांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण त्यांनी मान वळवली नाही.

पुढं कितीतरी वर्षं दादा अमरावतीहून अकोल्याला येत राहिला. फाटकाची कडी वाजायची, ते एक पूर्ण आणि एक अर्धं पाऊल अंगणात यायचं, आणि सगळं घर भिंतीकडे तोंड करायचं, तो खुर्चीत बसेपर्यंत. मग ताई वळून म्हणायची, "अरे दादा, तू कवा आला?" आता दादा नाही. ताईचेही केस पांढरे झाले आहेत. पण अजून संध्याकाळी फाटकाची कडी वाजली, की ती आधी भिंतीकडे तोंड करते.